मळवलेला सदरा

सिनेमा संपून पडद्यावर नावं वर सरकायला लागतात, तेव्हा लोक चपला शोधत असतात. त्या नावांत 'कपडेपट' या शब्दापुढं माझं नाव बऱ्याच वेळा येऊन गेलं, पण ते माझ्या सख्ख्या मेव्हण्यानंही कधी वाचलं नाही. मी मुंबईला नटांना टॉवेल द्यायच्या नोकरीला होतो अशी त्याची अजून समजूत आहे. तसं ते अगदीच खोटं नाही.

कुणी काय घालायचं हे ठरवणारा माणूस वेगळा असतो. तो शिकलेला असतो आणि त्याचा चष्मा गळ्यात दोरीला लटकलेला असतो. त्यानं ठरवलेले कपडे जमवायचे, मापात बसवायचे, नटाच्या अंगावर चढवायचे, संध्याकाळी ताब्यात घ्यायचे आणि काल कोणतं बटण उघडं होतं ते आज लक्षात ठेवायचं, हे आमचं काम. पडद्यावर तीन मिनिटं दिसणारी मारामारी आम्ही तीन दिवस काढत बसतो. पहिल्या दिवशी डाग छातीवर डावीकडं असेल आणि तिसऱ्या दिवशी उजवीकडं गेला, तर रडायच्या जागी थेटर हसतं. याला आमच्यात कंटिन्युइटी म्हणतात. माझी कंटिन्युइटी कधी चुकली नाही, हे मी इथं जरा छाती पुढं काढून लिहितो.

पण माझं खरं नाव झालं ते कपडे मळवण्यात. कोरा कपडा कॅमेऱ्यापुढं चमकतो, लगेच दुकानातला वाटतो. तो वर्षानुवर्षं अंगावर असल्यासारखा दिसायला हवा. त्यासाठी चहापत्ती उकळायची, त्यात कात घालायचा, कपडा त्या पाण्यात शिजवायचा, मग माती चोळायची. कॉलर आणि कोपरं विटेच्या तुकड्यानं घासायची. जातीनं आम्ही परीट. आज्यानं आणि बापानं गावाचे कपडे धुतले आणि मी धुतलेले कपडे मळवून पोट भरलं. हे ऐकून लोक हसतात, मीही त्यांच्याबरोबर हसत आलो.

नाचगाण्याच्या सिनेमात मला कुणी विचारत नसे, तिथं इस्त्रीवाल्याचं राज्य. माझी गरज पडायची ती अन्यायाच्या सिनेमात. भूक, जात, वेठबिगारी, पाण्यासाठी वणवण, असा विषय असला की पहिला फोन मला. दिग्दर्शक त्याला समाजाचं वास्तव म्हणत. माझ्या लेखी ती चार किलो चहापत्ती आणि पोतंभर माती असे. मातीही कुठलीही चालत नाही. एकदा पुण्यात आमच्याकडच्या शेतकऱ्याच्या धोतराला लाल माती लावून ठेवलेली पाहिली आणि माझं डोकं फिरलं. पुढच्या वेळी मी परभणीहून काळ्या मातीचं पोतं एसटीत घालून नेलं. कंडक्टरनं विचारलं, "काय हाय ह्याच्यात?"

"माती हाय."

"माती कशाला नेयलाव पुण्याला?"

"तिकडल्या मातीनं कपडे नीट मळत न्हाईत," मी म्हणालो. त्यानं मला शेवटच्या सीटवर बसवलं आणि पुणं येईपर्यंत माझ्यावर लक्ष ठेवलं.

गमती पुष्कळ झाल्या. एका नटानं मजुराचं काम घेतलं आणि मला बाजूला बोलावून सांगितलं, "सगळा शर्ट मळवा, पण कॉलर तेवढी राहू द्या." एकदा घामाचे डाग पाडायला गुळाचं पाणी वापरलं आणि भाषणाच्या ऐन मध्यावर मोर्चाचा पुढारी मुंग्यांनी हैराण झाला. सगळ्यात मोठा घोळ माझ्या घरातच झाला. नऊवारी लुगडी मी पंधरा दिवस नुसती माती चोळून मळवली होती आणि एक रात्र मुक्कामाला म्हणून घरी आणली होती. सकाळी उठून पाहतो तो अंगणात दोरीवर सगळी लख्ख धुऊन वाळत घातलेली. बायको परटाची लेक. तिला मळकं बोचकं बघवलं नाही. दिग्दर्शकाला काय सांगायचं ते मला मानवत स्टेशनपर्यंत सुचलं नव्हतं. ती आजही म्हणते, "एवढे घान कपडे घरात आनून ठिवले तर मानूस काय करंल?"

इथवर वाचून कुणाला वाटेल की म्हातारा मजेत आहे. मजेत होतोच. पण हा लेख लिहायला घेतला तो एका सदऱ्यासाठी, आणि त्यात हसण्यासारखं काही नाही.

काही वर्षांपूर्वी अनिकेत नावाचा एक तरुण दिग्दर्शक माझ्याकडं आला. चांगला मुलगा. डोळ्यांत कळकळ होती आणि बोलताना आवाज चढत नसे. त्याच्या सिनेमाची गोष्ट अशी की एक मजूर आपल्या वस्तीच्या स्मशानाकडं जाणारी वाट मोकळी व्हावी म्हणून उभा राहतो, गावातले काही लोक त्याला भर रस्त्यात मारतात, आणि तो न्याय मागत तालुक्याच्या कचेऱ्यांचे उंबरठे झिजवतो. अनिकेतला मराठवाड्यातलं गाव हवं होतं. मी त्याला माझं जन्मगाव दाखवलं. पेडगावच्या पुढं फाट्यावरून आत जावं लागतं. नाव लिहीत नाही, कारण दोष गावाचा एकट्याचा नाही.

मी दहा वर्षांचा असताना बापानं ते गाव सोडलं आणि परभणीत लाँड्री टाकली. त्यानंतर मी तिथं गेलोच नव्हतो. कंपनीच्या गाडीतून उतरलो तेव्हा मला कुणी ओळखलं नाही आणि मीही कुणाला सांगितलं नाही. सांगायची गरज काय, असं तेव्हा मनाशी म्हटलं होतं.

अनिकेतला खरे वापरलेले कपडे हवे होते. हे आमच्यात नेहमी करतात. वस्तीत जायचं आणि सांगायचं, जुना द्या, नवा घ्या. लोक खुशीनं देतात. नव्या लुगड्याला कोण नाही म्हणेल? मी बौद्धवस्तीत समाजमंदिराच्या ओट्यावर नवे कपडे मांडून बसलो होतो. संगीता नावाची तिशीतली एक सून तीन सदरे घेऊन आली. "सासऱ्याचे हाईत," ती म्हणाली. नवऱ्यासाठी तिनं एक नवा शर्ट घेतला, उरलेल्या दोन सदऱ्यांच्या बदल्यात एक साडी घेतली आणि गेली.

आमच्यात एक रीत आहे. कपडा घेताना विचारायचं, ज्याचा आहे तो माणूस आहे का? गेलेल्या माणसाचा कपडा असेल तर घरातल्या मोठ्या माणसानं हो म्हटल्याशिवाय उचलायचा नाही. मी विचारलं नाही. रांग लागली होती.

त्यात एक पांढरा सदरा होता. तो हातात घेतला आणि मला सगळं कळायला हवं होतं. कॉलर उलटून शिवलेली होती. कॉलर विरली की ती उसवून, खालची बाजू वर करून पुन्हा शिवतात, तशी. टाके इतके बारीक की परटाशिवाय कुणाला दिसले नसते. आणि इस्त्री दुकानातली नव्हती. बाहीला धारदार घडी नव्हती. ती तांब्यात निखारे घालून केलेली इस्त्री होती, तांब्याच्या गोल बुडाची. इतक्या मायेनं ठेवलेला कपडा कुणी सहज देत नाही, हे माझ्या हातांना कळत होतं. पण सकाळपर्यंत नायकाचा सदरा तयार हवा होता आणि हा त्याच्या मापाचा होता. मी पातेल्यात चहापत्ती घातली, कात घातला आणि सदरा शिजवला. मग काळी माती चोळली, छातीवर काताचा एक गडद डाग दिला. कॉलर विटेनं घासली. अनिकेतनं पाहिला आणि माझ्या पाठीवर हात ठेवून म्हणाला, "काका, हाच. हाच तो माणूस." मला बरं वाटलं.

दोन दिवस त्या सदऱ्यात मारहाणीचं चित्रीकरण झालं. तिसऱ्या दिवशी, बुधवारी दुपारी, मी समाजमंदिराच्या खोलीत कपडे टांगत होतो. दारात एक म्हातारी उभी राहिली. अंगावर पांढरं लुगडं, हातात पिशवी. मागं संगीता होती आणि ती रडत होती. म्हातारी तिची सासू, धुरपताबाई. लेकीकडं मानवतला गेली होती, नुकतीच एसटीनं परतली होती. तिनं टांगलेल्या कपड्यांवरून नजर फिरवली, सरळ त्या सदऱ्यापाशी गेली आणि कॉलर उलटून टाके पाहिले.

"ह्यो ह्यांचा हाय," ती म्हणाली. "ह्याला काय झालं?"

"माय, सिनेमासाठी मळवलाय."

"कुनी?"

"मी."

"कसा?"

मी सांगितलं. चहा, कात, माती, वीट. तिनं मध्येच थांबवलं नाही. सगळं ऐकून घेतलं आणि खाली बसली. तिच्या नवऱ्याचं, लिंबाजीचं, वर्षापूर्वी निधन झालं होतं हे मला संगीताकडून तेव्हा कळलं. तिला बिचारीला वाटलं होतं की पेटीतले जुने कपडे नुसते पडून आहेत.

"पिच्चर कशाचा हाय तुमचा?" धुरपताबाईनं विचारलं.

"अन्यायाचा हाय, माय. एक मजूर असतो. स्मशानाच्या वाटंसाठी भांडतो. त्याला लोक मारतेत."

"मंग त्येचा सदरा कामून मळका?"

"गरीब हाय ना त्यो."

"आमी काय सावकार हुतो?"

ती सदऱ्याकडं बघतच बोलत होती.

"मानवतच्या जिनिंगात हुते हे. दिसभर सरकी आन् रुई, नाकातोंडात. पर गावात तसे कदी आले न्हाईत. फाट्यावर हापसा हाय, तितं आंग धुयाचे, पिशवीतला पांढरा सदरा घालायचे, मंग गावात शिरायचे. लोकांना लय खुपायचं. कुनाच्या लग्नाला चालला रे लिंब्या, म्हनायचे. एका पोळ्याला तर गोठ्यातलं शेनामुताचं घमेलं आनून आंगावर वतलं. हे घरी आले. सदरा धुतला, तांब्यात इंगळ घातले, वल्या सदऱ्याला इस्त्री केली आन् तोच घालून त्याच वाटंनं परत निगाले. मी म्हनलं, नका जाऊ. म्हनले, आज न्हाई गेलो तर उद्या जाता येनार न्हाई."

तिनं सदऱ्याच्या छातीवरून हात फिरवला. मातीचा भुगा तिच्या लुगड्यावर पडला, तो तिनं झटकला नाही.

"गावानं टाकली ती घान धुता आली. तू तर शिजवून लावली."

आयुष्यात मला पुष्कळ दिग्दर्शकांनी शिव्या दिल्या. एकही अशी लागली नाही.

मग तिनं माझ्या तोंडाकडं नीट पाहिलं. "तू मारोती परटाचा ना?" मी मान हलवली. "हनुवटी तीच हाय," ती म्हणाली. "हे तीनदा गेले हुते तुज्या बापाकडं. माझ्या घरचे कपडे घे म्हनले, बाकीच्यांसारकं सुगीला धान देतो. तुजा बाप म्हनला, तुमचे घेतले तर गाव मला कपडे देनार न्हाई. तिसऱ्या बारीला घरी आले आन् तांब्या घासाया बसले. तवापासून सोताच्या कपड्याला मला हात लावू दिला न्हाई. इस्त्री तेच करायचे. ते गेल्यावर ही एक मी केली."

आम्ही गाव सोडलं त्याच्या आधीची ही गोष्ट. मी तेव्हा बापाच्या हाताखाली कपडे निवडायला बसत असे. म्हणजे दारात बोचकं घेऊन उभा राहिलेला लिंबाजी मी पाहिलेला असणार. मला आठवत नाही. आठवायला हवा होता.

"रविवारी पुन्यानुमोदन हाय," ती उठताना म्हणाली. वर्ष झालं की गेलेल्या माणसासाठी वंदना करतात, लोक जमतात, त्याच्याविषयी बोलतात. "सदरा फोटोपाशी ठिवायचा हाय. पांढरा दे मला."

मी अनिकेतला सगळं सांगितलं. तो खरोखर हादरला. धुरपताबाईच्या घरी जाऊन त्यानं हात जोडले, दहा नवे सदरे देतो म्हणाला. तिनं त्याला पाणी दिलं आणि पुन्हा तेच सांगितलं, पांढरा द्या. परत येताना तो मला म्हणाला, "काका, सीन अर्धा झालाय. नटाच्या तारखा शनिवारपर्यंतच आहेत. खऱ्या कपड्याला जोड नसते हे तुम्हीच शिकवलंत मला. काय करू? तुम्ही म्हणाल तसं."

कोऱ्या कापडाचे आम्ही एकसारखे चार सदरे शिवून घेतो, एक फाटला तर दुसरा. जुना, खरा कपडा मात्र एकच असतो. त्याला जोड नसते. तरी मार्ग होते. नायकाला उघड्या अंगानं दाखवता आलं असतं. घोंगडी पांघरायला देता आली असती. दोन दिवसांचं काम वाया गेलं असतं तर गेलं असतं. अनिकेत तयार होता, त्यानं निर्णय माझ्यावर सोडला होता. आणि मी म्हणालो, "शनिवारपर्यंत राहू द्या. धुऊन देईन मी. परीट आहे."

हे मी अनिकेतसाठी केलं असं बरीच वर्षं स्वतःला सांगत होतो. खरं ते नाही. माझी कंटिन्युइटी कधी चुकली नव्हती, ती मला चुकू द्यायची नव्हती.

शनिवारी सकाळी शेवटचे शॉट झाले. नायकाला चिखलातून फरपटत नेलं, खिसा उसवला, खांद्यावर शिवण फाटली. कट म्हटल्यावर सगळ्या युनिटनं टाळ्या वाजवल्या. मी नटाच्या अंगावरून सदरा काढून घेतला आणि कंपनीच्या जीपनं परभणीला घरी आलो. बायकोला सगळं सांगितलं. तिनं पदर खोचला.

आधी रिठ्याच्या पाण्यात भिजवला. माती गेली. मग पापडखार घालून भट्टी लावली, म्हणजे वाफेवर उकडला, बापाच्या पद्धतीनं. चहाचा रंग बराचसा उतरला. लिंबू चोळलं, उन्हात घातला, पुन्हा ओला केला, पुन्हा उन्हात घातला. सूर्य मावळेपर्यंत आम्ही दोघं त्या एका सदऱ्याभोवती होतो. छातीवरचा डाग फिका होई, पण जाईना.

"कात हाय," बायको म्हणाली. "तुमीच घातला ना?"

"व्हय."

कात काय करतो ते तिलाही माहीत होतं आणि मला तिच्याआधी माहीत होतं. रंग कायमचा टिकावा म्हणूनच मी कात घालत आलो होतो. खिसा तिनं शिवला, खांदा मी शिवला. रविवारी सकाळी नीळ दिली, खळ दिली आणि माळ्यावरचा जुना तांब्या काढून, निखारे घालून, इस्त्री केली. लांबून सदरा पांढरा दिसत होता.

नऊच्या सुमाराला मी वस्तीत पोचलो. घरासमोर सतरंजी अंथरलेली होती, पांढऱ्या कपड्यांतली माणसं जमत होती. आत लिंबाजीचा फोटो ठेवला होता, पुढं फुलं आणि मेणबत्त्या. धुरपताबाईनं सदरा माझ्या हातातून घेतला आणि दारातल्या उजेडात नेला.

"धुतला कुनी?"

"आमी दोघांनी, माय. मी आन् बायकोनं."

"इस्त्री?"

"तांब्यानंच केली."

छातीवर जिथं डाग होता तिथं तिनं बोट ठेवलं. पुष्कळ वेळ ठेवलं. "कष्ट घेतलास," ती म्हणाली. आवाजात राग नव्हता. रागावली असती तर मला सोपं गेलं असतं. मग तिनं सदऱ्याची घडी घातली आणि संगीताला दिली. "पेटीत ठिव. त्येंनी असा घातला नसता."

फोटोपाशी जागा मोकळीच राहिली.

वंदना झाली. मग एकेक जण उठून लिंबाजीविषयी बोलू लागला. जिनिंगमधला एक सोबती बोलला, एक शिक्षक बोलले. माणसं साधं बोलत होती, मध्येच थांबत होती. मी शेवटच्या ओळीत बसलो होतो. धुरपताबाई म्हणाली, "त्या परटाच्या पोरालाबी बोलू द्या. त्यालाबी कायतरी सांगायचं असंल."

साठीच्या माणसाला ती पोर म्हणाली. सगळ्यांनी वळून पाहिलं. मी उठलो. काय बोलायचं ते मला ठाऊक होतं, वाटेत जीपमध्ये मी तेच मनाशी घोळवत आलो होतो. पण माझ्या तोंडून निघालं ते भलतंच. आमचा सिनेमा माणसाच्या प्रतिष्ठेविषयी आहे, असं मी म्हणालो. तो देशभर दाखवला जाईल, या गावाचं नाव होईल, लिंबाजीरावांसारख्या माणसांची दखल घेतली जाईल. अनिकेत मुलाखतीत बोलायचा ती वाक्यं मी जशीच्या तशी म्हटली. हात जोडले आणि बसलो. लोकांनी ऐकून घेतलं. धुरपताबाई मात्र मी बसल्यावरही माझ्याकडंच पाहत होती. अजून काही येईल म्हणून वाट पाहत असावी. मग तिनं पदर सारखा केला आणि पुढच्या माणसाला बोलायची खूण केली.

सिनेमा चांगला झाला. लोकांनी डोळे पुसले. एका वर्तमानपत्रात लिहून आलं की नायकाच्या अंगावरचा सदराच निम्मी गोष्ट सांगतो. अनिकेतनं ते कात्रण मला पाठवलं, मी ते फाडलंही नाही आणि जपूनही ठेवलं नाही, कुठंतरी पडलं असेल. परभणीच्या थेटरात खास खेळ ठेवला तेव्हा वस्तीतल्या लोकांना आणायला गाड्या पाठवल्या होत्या. संगीता आली, धुरपताबाई आली नाही. तिनं निरोप पाठवला होता, "त्यो सदरा मी पायलाय."

त्यानंतर मी दोन-तीन सिनेमे केले आणि थांबलो. अन्यायाचे सिनेमे वाईट असतात असं माझं म्हणणं नाही. ते निघायला हवेत, आणि अनिकेतसारख्या पोरांनीच काढायला हवेत. फक्त ज्याच्यावर अन्याय झाला तो माणूस आम्ही इतका मळका का करतो, हे मला आता कळत नाही. तो स्वच्छ कपड्यांत दिसला तर बघणाऱ्याला दया येणार नाही, अशी आम्हाला धास्ती असते बहुतेक. लिंबाजीला कुणाची दया नकोच होती.

गेल्या थंडीत संगीताचा फोन आला. सासू गेली म्हणाली. मी गेलो तेव्हा सगळं आटोपलं होतं. घरासमोर बसलो, संगीतानं चहा दिला. पुण्यानुमोदनाला या म्हणाली. मी हो म्हणालो.

जाईन तेव्हा मला बोलायला सांगतील की नाही माहीत नाही. सांगितलं तरी ज्या बाईनं मला उभं केलं होतं ती तिथं नसणार. म्हणून इथं लिहून टाकतो. त्या रविवारी मला एवढंच म्हणायचं होतं: मी मारोती परटाचा मुलगा. लिंबाजीरावांचे कपडे माझ्या बापानं धुतले नाहीत. जो सदरा त्यांनी जन्मभर पांढरा ठेवला, तो मी मळवला, आणि थांबवता येत असून थांबवलं नाही. आमचं चुकलं, माय.

म्हणायला अर्धं मिनिट लागलं असतं. ती माझ्या समोरच बसली होती.